एक्केचाळीस मिनिटं

"बेचाळीस!" मुरलीधर नाईकांनी मोबाइलवरची नजर न काढता जाहीर केलं. "दुपारपर्यंत पन्नास होतात की नाही बघ."

"त्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्या मोजा," त्यांच्या पत्नी राजश्रीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पण मोजणं हा मुरलीधरांचा पिंडच होता. संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस. साहेब डोक्यावर उभा असला तरी मापाचं गेज लावल्याशिवाय तुकड्यावर सही नाही. निवृत्तीनंतर तपासायला फक्त भाजी उरली होती. आज मात्र हाताला काम लागलं होतं. मुलगी प्रणोती गिटार वाजवत गाते, त्या 'खाली बोगी' बँडचा दुसरा अल्बम सकाळी दहाला इंटरनेटवर आला होता. पहिला लोकांनी डोक्यावर घेतला होता. दुसऱ्याला तीन वर्षं लागली, आणि हा पडला तर बँड मोडायचा, असं पोरांचं ठरलेलं.

दहा वाजून दोन मिनिटांनी मुरलीधरांनी पहिली प्रतिक्रिया टाकली : 'अतिउत्तम!' मग लिंक त्या हिंदीभाषक शहरातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पाठवली, 'आपल्या कन्येला प्रोत्साहन द्यावे' असं लिहून. मंडळ आज्ञाधारक. गुलाब आले, जोडलेले हात आले. दीक्षितपुरा मोहल्ल्यातल्या शालिग्राम देव यांनी तर सवयीने वाढदिवसाच्या शुभेच्छाही देऊन टाकल्या.

अनोळखी लोकांच्या प्रतिक्रिया मुरलीधर वहीत उतरवत होते. पास, दुरुस्ती, नापास. 'पहले वाली बात नहीं' दुरुस्तीत गेली. 'ड्रम झोपलेत' नापास. एकाने लिहिलं होतं, 'तिसरं गाणं दोनदा ऐकलं, मग आईला फोन केला.' ही कुठल्या रकान्यात घालायची, ते त्यांना कळेना. पेन तिथेच घुटमळलं.

साडेबाराला एकोणपन्नासावी आली : 'ये बुआ-फूफा वाले कमेंट खरीदे हैं क्या?' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

प्रणोती खोलीबाहेर आली. "बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"काहून? मदत केली."

"तीन साल लागले, बाबा. आणि लोक गाण्यावर बोलतच नाहीत. शालिग्रामकाकांच्या गुलाबावर बोलून राहिले." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "अल्बम एक्केचाळीस मिनिटांचा आहे. तुम्ही दोन मिनिटांत अतिउत्तम लिहिलं. कारखान्यात चालायचं का असं?"

मुरलीधरांनी वही मिटली. मग फोन उचलला आणि मंडळाची यादी समोर घेतली. सदतीस घरं. जेवणही तसंच राहिलं.

"शालिग्रामजी, ते लिहिलेलं काढून टाका."

"अच्छा? काहून पण? मी तर दिल से लिहिलं होतं, मुरलीधरभाऊ."

"ऐकलं होतं का?"

"लो! ऐकायचं पण होतं काय?"

एरवी मुरलीधर यावर आठवडाभर हसले असते.

पाच वाजेपर्यंत बारा उरल्या. अकरा अनोळखी लोकांच्या आणि सगळ्यात वर त्यांची स्वतःची. ती त्यांनी शेवटी पुसली. मग ते प्रणोतीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ते कानाला लावायचं दे."

तिने हेडफोन दिले. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि डोळे मिटले. पहिली दोन गाणी त्यांना गोंगाटच वाटली. तिसऱ्याला त्यांनी मान हलवली नाही, पण चहा आला तेव्हा हातानेच नको म्हणाले. सहाव्या गाण्यात मागून कारखान्याचा भोंगा वाजला, तिने गच्चीवरून टिपलेला. त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. चौतीस वर्षं तिथे गेटपास असायचा.

दारातून प्रणोती बघत होती.

संपल्यावर त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. सुरुवात, पाच दहा. शेवट, पाच एक्कावन्न. शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं. रकाना कोराच राहिला. खाली त्यांनी पूर्ण सही केली, तारखेसकट.