मठाच्या घाटावर

गावच्या निवडणुकीला उभा राहिलेला प्रेमराज बसभर बायांना तापीकाठची देवळं दाखवत फिरत होता. बसवर फलक होता, 'बठ्ठ्या बहिणींचा भाऊ', म्हणजे सगळ्याच बहिणींचा. त्याची सख्खी बहीण सारिका तो फलक वाचून दातओठ खात होती. बापाच्या सुतकात यानंच वारसाचा कागद म्हणून तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. प्रत्येक देवळात ती एकच मागत आली, याचं तोंड काळं होऊ दे.

शेवटच्या मठातले महाराज घाटावर म्हणाले, "ओंजळीत तापी घ्या आणि आवडतं काहीतरी जन्मभरासाठी सोडा." कोणी केळी सोडली, कोणी शेव. प्रेमराजनं मोबाइलवर चित्रण चालू करून माइक पुढे केला. "बोल अक्का, तू काय सोडतेस?"

"सुतकात फसवून माझी जमीन लाटलीस ना? मी भाऊ सोडला!" सारिकानं ओंजळ नदीत रिकामी केली.

माइक मागे घ्यायचंही त्याला सुचलं नाही. पुढचा नंबर यशोदाबाईंचा होता. त्या वांग्याचं भरीत सोडणार होत्या. त्यांनी फलकाकडे पाहिलं, मग प्रेमराजकडे.

"भरीत राहू दे," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "मीबी हाच भाऊ सोडला."

मागच्या बाया ओंजळी भरायला वाकल्या.