स्वेटरच्या बाहीतली घंटी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतली घंटी आहे. घंटी म्हटल्यावर शाळेतली ती पितळेची दणदणीत वस्तू डोळ्यांसमोर आणू नका. मी काडेपेटीएवढी काळी डबी आहे आणि डॅशबोर्डच्या मागे, वायरींच्या गुंत्यात राहते. दार नीट लागलं नाही, पट्टा लावायचा विसरला, हँडब्रेक ओढलेलाच राहिला, की मी वाजते. टिंग, टिंग, टिंग. मेकॅनिक मला बझर म्हणतो, मोटारीच्या मालकांच्या पत्नी, मास्तरीणबाई, मला कटकट म्हणतात. मी दोन्हीला ओ देते.

कारखान्यात माझा आवाज मुद्दाम बारीक आणि उंच ठेवला गेला. तिथे प्रत्येक डबी वाजवून पाहणारी एक बाई होती. तिनं मला कानाशी धरलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "छान. डोकं उठवते." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

आमची मोटार मास्तरांनी नवी कोरी घेतली. मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवतात. मोटारीच्या टपावर त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी आणि त्यांच्या पायाशी जादा ब्रेक. शिकणारा गडबडला की तो दाबायचा. सुरुवातीच्या दिवसांत माझा भारी रुबाब होता. एखादा विद्यार्थी पट्टा न लावता बसला की मी वाजायची आणि मास्तर कौतुकानं म्हणायचे, "ही माझी मदतनीस. मी एकदाच सांगतो. तुम्ही ऐकेपर्यंत ही सांगत राहते."

मास्तरांची शिकवण्याची एक खास तऱ्हा होती. ते तळहात डॅशबोर्डवर टेकवून बसायचे. इंजिनाची थरथर हाताला कळली, की गियर बदलायला सांगायचे. "कानावर विसंबू नका, हातानं ऐका," असं ते म्हणत. विद्यार्थ्यांना वाटायचं, काय हा कसबी माणूस! मलाही तसंच वाटायचं.

पुढे मोटारीचं वय झालं. मागच्या डाव्या दाराच्या चौकटीत एक छोटं बटण आहे. दार लागलं की ते दाबलं जातं. त्या बटणावरचं रबर झिजलं आणि दार घट्ट लावलं तरी ते उघडंच आहे असं मोटारीला वाटू लागलं. मग मी काय करणार? मला जे कळवलं जातं तेच मी सांगते. किल्ली फिरवली रे फिरवली, की माझं टिंग, टिंग सुरू.

विद्यार्थी वैतागले. एक जण माझ्या तालावर गाणं म्हणायचा, पण असे गुणी लोक कमी. एक मुलगी तर दुसऱ्या स्कूलमध्ये निघून गेली. मेकॅनिक म्हणाला, दाराचं रबर बदलू या, नाहीतर घंटीची एक वायर कापतो, कटकटच मिटेल. मास्तर म्हणाले, गाडी उत्तम चालतेय, उगाच हात लावू नकोस. सगळ्यांच्या डोक्याची मंडई झाली होती आणि मास्तर मात्र हात टेकवून शांत बसलेले. लोकांनी त्यांना हट्टी ठरवलं.

स्कूलचे फोन घेणं, वेळा देणं हे काम मास्तरीणबाईंकडे. त्यामुळे तक्रारीही त्यांच्याच कानावर. आठवड्याच्या बाजाराला दोघं याच मोटारीतून जात. पूर्वी बाई खिडकीबाहेर बघत भरभरून बोलायच्या, कुणाचं लग्न ठरलं, कुठला नळ गळतो. मास्तर समोर बघत गाडी चालवायचे आणि काही बोलायचे नाहीत. हळूहळू बाईंची वाक्यं आखूड झाली. मग नळ गळायचा आणि त्या त्याबद्दल सांगायच्याही नाहीत. येता-जाता मोटारीत फक्त मी बोलायची.

एके दिवशी मास्तरीणबाईंनी शिलाई मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर आणला, डॅशबोर्डखालची पट्टी काढली, मास्तरांच्या एका विटलेल्या स्वेटरची बाही कापून मला तिच्यात कोंबलं आणि वर गाठ मारली. मग मास्तर गाडीत बसले, निघाले. इतकी शांतता, पण त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. मास्तरीणबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग खिडकीकडे वळल्या.

मित्रांनो, बाहीत ऊब होती, डांबराच्या गोळ्यांचा वास होता, अंधार होता. मी वाजतच होते, पण माझं मलाच ऐकू येईल इतपत.

अशात बालवर्गाला शिकवणाऱ्या एक बाई गाडी शिकायला आल्या. पन्नाशी उलटलेली, मुलगी लांब राहायला गेलेली आणि दर वेळी जावयाला "न्यायला या" म्हणायचा कंटाळा आलेला. त्या गाडी गोगलगाईसारखी चालवायच्या आणि बोलायच्या मात्र सुसाट. मास्तर कधी लगेच उत्तर द्यायचे, कधी अजिबात नाही. बाई रागावल्या नाहीत. त्या बघत राहिल्या.

एका सकाळी वळणाशी मास्तरांनी आरसा पाहिला आणि "घ्या वळून" म्हणाले. बाईंनी चाक फिरवलं आणि त्याच क्षणी कचकन ब्रेक दाबला. मास्तरांच्या बाजूनं एक सायकलवाली जीव खाऊन घंटी वाजवत आली होती. आरशात दिसत नव्हती, पण वाजत होती. ती दारापासून हातभर अंतरावरून निसटली, दोन शब्द सुनावून निघून गेली. विद्यार्थ्यानं मास्तरांच्या आधी ब्रेक दाबायची आमच्या मोटारीतली ती पहिलीच वेळ.

बाईंनी गाडी कडेला घेतली. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाई पूर्ण त्यांच्याकडे वळल्या आणि सावकाश म्हणाल्या, "सायकलची घंटी तुम्हाला ऐकू आली नाही ना, मास्तर?"

हल्ली लोक घंटी नीट वाजवत नाहीत, मास्तर पुटपुटले. बोलतातही तोंडातल्या तोंडात.

"आणि ही?" म्हणत बाईंनी डॅशबोर्डखाली हात घातला. त्यांचे कान तीक्ष्ण, बाहीतला माझा आवाज त्यांना पहिल्या दिवसापासून येत होता. वायर ताणत त्यांनी मला बाहीसकट बाहेर काढलं, गाठ सोडली. मी मोकळ्या हवेत कोकलायला लागले.

मास्तरांनी आधी स्वेटर ओळखला. मग त्यांनी मला तळहातावर घेतलं, बोटं मिटली, आणि माझी थरथर त्यांच्या हाताला कळली. त्यांनी मला तसंच ऐकलं, हातानं.

"हे कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "बहिऱ्या माणसाकडे गाडी शिकायला कोण येईल? मला दुसरं काही येत नाही हो."

बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात दर वर्षी असं एखादं मूल असतं. मागून हाक मारली तर बघत नाही, समोर जाऊन विचारलं तर लगेच उत्तर देतं. त्याला आम्ही शाळेतून काढत नाही, मास्तर. पुढच्या बाकावर बसवतो आणि कान तपासायला पाठवतो."

मास्तरांनी घरी आल्याबरोबर टपावरची पाटी उतरवली आणि मागच्या सीटवर ठेवली. कान तपासल्याशिवाय कुणालाही शिकवायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं. पाटी का काढली म्हणून मास्तरीणबाई धावत खाली आल्या, तर हे मोटारीत बसलेले आणि हातात बाही. त्या शेजारी येऊन बसल्या. मास्तरांनी सगळं सांगितलं. मास्तरीणबाई आपल्या हातानं मारलेल्या गाठीच्या सुरकुत्या सरळ करत राहिल्या.

"मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय," त्या म्हणाल्या.

"काही बोलायचीस का तू?"

"किती तरी. काही काही तर बरं झालं ऐकू नाही आलं ते."

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक उंच आवाज आधी जातात, मशीन लावा, काम चालू ठेवता येईल. मशीन लावून मास्तर पहिल्यांदा मोटारीत बसले, किल्ली फिरवली. मी वाजले. ते दचकले. इकडे-तिकडे बघितलं, मग डॅशबोर्डकडे वाकून म्हणाले, "अगं, तू एवढी ओरडतेस?" आणि मला सांगायला आनंद वाटतो, की त्यांनाही माझा वैताग आला. अगदी इतरांसारखा.

ते तडक मेकॅनिककडे गेले. वायर कापायची ना, म्हणत तो पक्कड घेऊनच आला. मास्तर म्हणाले, "तिचं तोंड कशाला बंद करतोस? दार दुरुस्त कर." बोटाच्या पेराएवढं रबर बदललं, आणि मी गप्प झाले. ती शांतता फार वेगळी होती, मित्रांनो. बाहीतल्यासारखी गुदमरलेली नाही. सगळी दारं नीट लागल्याची.

आता टपावर पुन्हा पाटी आहे. बालवर्गाच्या बाई परीक्षा पास झाल्या आणि स्वतःच्या गाडीनं लेकीकडे जातात, गोगलगाईच्या चालीनं. मास्तर तळहात अजून डॅशबोर्डवर टेकवतात, पण आता विद्यार्थ्यांना म्हणतात, हातानं ऐका आणि कानानंही. बाजाराला जाताना मास्तरीणबाई परवा खिडकीकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, या वयात मिशी शोभत नाही बाई. "मग काढू का?" असं शेजारून आलं आणि त्या सीटवर उडाल्याच. मिशी अजून आहे, वाटाघाटी चालू आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी सारखी कटकट करत असेल. त्याला स्वेटरमध्ये गुंडाळण्याआधी कुठलं दार नीट लागलेलं नाही ते बघा. आणि हाका मारूनही कुणी ओ देत नसेल, तर रुसून खिडकीकडे तोंड फिरवू नका. त्याच्या समोर जा, सावकाश बोला.

रोज सकाळी कामाला निघण्याआधी मास्तर किल्ली फिरवून मागचं डावं दार मुद्दाम एकदा उघडतात. मी वाजते. ते मान तिरकी करून ऐकतात, हसतात, आणि मग दार लावतात.