नेजदेतची अमेरिकन कंपनी

"साहेब बाहेर गेलेत म्हणून सांग," ब्रॉक कुजबुजला आणि त्यानं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

लॉर्नानं नाक मुरडलं. साहेब म्हणे! न्यू जर्सीच्या या पोराला घोड्यावर धड चढता येत नव्हतं. पण काउबॉयची टोपी घालायची, उसन्या घोड्याशेजारी उभं राहायचं आणि व्हिडिओतून जगाला सांगायचं, 'वायोमिंगमध्ये कंपनी काढा. कर नाही, कटकट नाही. अमेरिकेचं दार उघडा!' लोक काढायचेही. नवरा गेल्यापासून लॉर्ना वायोमिंगच्या राजधानीतल्या, शायानमधल्या या ऑफिसात त्यांची टपालं घेत बसली होती. त्या लोकांचीही तिला कधी कीव आली नाही. एकाच पत्त्यावर हजारो कंपन्या आणि प्रत्येकाला वाटतं, आपण मोठे शेठ. मूर्ख कुठले!

त्यातलाच एक शेठ आत्ता काउंटरपुढे उभा होता. काळा सूट, चकचकीत बूट, हातात पेटी. नाव नेजदेत. तुर्कस्तानातल्या कोन्या गावचा, नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, सपाता करणारा. अमेरिकेत ऑनलाइन त्या बऱ्या खपत.

"ताई, मी माझ्या कंपनीत आलोय," तो तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला. "माझं टेबल कुठलं?"

लॉर्नाला हसू फुटलं. "टेबल? अहो, कोर्टाची नोटीस वगैरे आली तर ती घ्यायला कायद्यानं इथला एक पत्ता लागतो. तेवढा तुम्ही घेतलाय. बाकी इथे तुमचं काही नाही."

"पण मी मालक आहे! आता इथेच राहून काम करणार. बायको-मुलं मागून येतील."

"व्हिसा कसला आहे?"

"फिरायला येणाऱ्यांचा. पण कंपनी आहे ना माझी."

"कंपनी काढली म्हणून कुणी इथे राहू देत नाही. काम तर नाहीच नाही. हे डोक्यात भरवलं कुणी?"

नेजदेतनं भिंतीवरच्या टोपीवाल्या फोटोकडे बोट दाखवलं. "यांनीच. मी फोन करून विचारलं होतं. म्हणाले, राहणं, काम, सगळं जमतं. म्हणून तर दुकान भावाच्या नावावर करून आलो."

लॉर्नाचं हसू विरलं. आत खुर्ची करकरली. दाराला कान लावून बसला होता, भित्रा!

ती उठली आणि तिनं दार सताड उघडलं. "साहेब आहेत. या आत."

ब्रॉक क्षणभर गोरामोरा झाला, मग दात काढत म्हणाला, "या या, दोस्त! तुमच्यासाठी एक खास योजना आहे. वेगळा फोन नंबर, टपालाचे फोटो..."

"आणि व्हिसा?" नेजदेतनं विचारलं.

"ते वकिलांचं काम."

"कर?"

"शून्य!"

"शून्य असला तरी दरवर्षी कर खात्याला कळवावं लागतं," लॉर्ना म्हणाली. "मालक परदेशी असेल आणि कळवलं नाही तर पंचवीस हजार डॉलर दंड. शिवाय तुर्कस्तानचा कर चुकत नाही तो वेगळाच. हेही सांगा की त्यांना."

"तोंड आवर, लॉर्ना. नोकरी जड झाली का?"

"तुमच्यापायी खोटं बोलून तोंड विटलंय माझं."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याची वाट कोण बघतंय?" तिनं खुंटीवरचा कोट काढला.

ब्रॉकनं नेजदेतपुढे हात केला. नेजदेतनं त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाजही चढवला नाही.

"कंपनी बंद करायची, ताई. रीतसर."

"आधी कराचं शेवटचं विवरण भरा, मग बंद करा. चांगला हिशेबनीस गाठा. टोपीवाला नको." ती थांबली. "आणि पुढे काय करणार?"

"भावाच्या दुकानात कामाला लागेन."

"दुकान तुमचंच ना ते?"

"आता त्याचं आहे."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "जाण्याआधी कंपनी बघता येईल?"

लॉर्ना त्याला मागच्या बोळात घेऊन गेली. भिंतभर टपालाचे कप्पे होते. एकावर त्याच्या कंपनीचं नाव चिकटवलेलं होतं. आत धुळीखेरीज काही नव्हतं.

"एवढीशी?" तो पुटपुटला.

त्यानं पेटी खाली ठेवली, खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि हात घालून कप्पा पुसला, चारी कोपरे धरून. मग रुमालाची घडी उलटवून शेजारचा पुसला. त्याच्या शेजारचाही.

लॉर्नानं कोटाची बटणं लावली आणि त्याची पेटी उचलून घेऊन ती उभी राहिली.