पोत्यातलं पिस्तूल

माझ्या पिस्तुलात माती तुम्ही घातलीत, साहेब. हे आधी लिहिते, बाकीचं मागून.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची, हे मला माहीत आहे. स्पर्धेत खेळणाऱ्याला त्यातून सूट मिळते, हेही माहीत आहे. सवलतीचं पत्र मी तुमच्या टेबलावर ठेवलं होतं. तुम्ही त्याच्यावर चहाचा कप ठेवलात.

"हत्यार म्हणजे हत्यार. आन् तू काय दरोडा घालणार हायेस काय गं?" म्हणालात. शेजारचे दोघं खदखदून हसले.

कागदी निशाण्यावर चालवायचं माझं पॉइंट टू टूचं पिस्तूल तुम्ही पेटीतून काढलंत आणि पेटी माझ्याकडं सरकवलीत. "ही ने घरी. जागा अडवती." पिस्तूल गोणपाटाच्या पोत्यात गेलं, खेड्यापाड्यांतून आलेल्या बंदुकांच्या खाली. पोतं फुटक्या खिडकीखाली होतं आणि खिडकीबाहेर रस्ता खोदलेला. सगळा उन्हाळा त्या खिडकीतून धुरळा आत येत होता.

निकाल लागल्यावर पिस्तूल परत मिळालं. वरचा भाग मागं ओढला तर आतून करकर आवाज आला, भाकरीत खडा लागल्यासारखा. दुसऱ्या दिवशी निवड चाचणी होती.

भवानी पेठेत आमच्या घराला खाली दोन माग आणि वर आम्ही. मागावरचा कापूस वर उडतो, म्हणून मी पिस्तूल नेहमी मच्छरदाणीत बसून साफ करते. अम्मा दारातून म्हणाली, "तुझ्या पिस्तुलाला डास चावत्यात व्हय गं?" एरवी मी हसले असते.

आत गोळी नाही हे दोनदा पाहिलं. पिस्तूल उघडून ब्रश मारला. नळीतून चिंधी ओढली, ती तांबडी निघाली. परत ओढली, परत तांबडी. धुळीच्या दिवसांत तेल कमीत कमी लावायचं असतं, कारण तेलाला धूळ चिकटते. लोखंडावर लोखंड घासतं तिथं एक थेंब, तोही पुसून घ्यायचा. पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणारी लोखंडी काडी, तिची नळी तर कोरडीच पाहिजे. तिथं तेल अन् माती एकत्र आली तर पिन रुतते. पिन पुढं रुतली, तर चाप न ओढताही गोळी सुटते. मला नेमबाजी शिकवणाऱ्या निवेदिता मॅडमनी हे पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं.

पिनही काढून पुसली. ती सरकत होती. पण तिच्या नळीत आतल्या कोपऱ्याला ब्रश पोचत नाही. तिथं काय राहिलं असेल ते दिसत नव्हतं.

सकाळी नान्ना म्हणाला, "बिड्डा, मी पण येतो आज." आमच्या तेलुगूत बिड्डा म्हणजे पोर. माझा बाप कधी रेंजवर आला नव्हता. मला बरं वाटलं.

रेंज शहराबाहेर माळावर आहे. वर पत्रे, समोर मातीचा बांध. वारं सुटलेलं, डोळ्यांत मुरूम जात होता. शेजारच्या जागेवर शिवराज होता, मला रोज 'मच्छरदाणीवाली' म्हणतो तो. मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत नान्ना. मॅडमचा हुकूम झाला. मी गोळ्यांचं मॅगझिन लावलं, नळी बांधाकडं धरली आणि स्लाइड, म्हणजे तो वरचा भाग, मागं ओढून सोडला.

गोळी सुटली.

माझं बोट चापावर नव्हतं. बाहेर सरळ होतं, साहेब, देवाशप्पथ. लगेच दुसरी सुटली, मग तिसरी. बांधावर तीनदा माती उडाली. नंतर रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये अडकली आणि पिस्तूल थांबलं.

"सोनम, नळी बांधाकडंच! हलू नको!" मॅडम ओरडल्या. "बाकीच्यांनी हत्यारं खाली ठेवा, मागं व्हा!"

शिवराज पोटावर पडला होता. कुणी हसलं नाही.

मी डाव्या हातानं स्लाइड मागं धरून ठेवली. अर्ध्या उघड्या फटीतून आत दिसत होतं. पिनचं टोक बाहेर आलेलं, काळ्या चिखलात रुतलेलं. खाली चौथी गोळी वर यायला टपलेली. माझ्या हातातून स्लाइड निसटली तर ती पुढं जाणार आणि गोळी पुरती आत बसायच्या आधीच फुटणार. माझ्या बोटांत, तोंडाशी. स्प्रिंग पुढं रेटत होती. माझी बोटं घसरत होती, घामानं वाटलं. पण घाम पिवळा नसतो.

मग वास आला. तो वास मी जन्मापासून ओळखते. आमच्या जिन्याला, अम्माच्या पदराला, नान्नाच्या नखांना येतो तो. मागाचं तेल.

मागून नान्नाचा आवाज आला, चिरका. "बिड्डा, तू अंघोळीला गेल्ती तवा... करकर वाजत होतं की गं काल. त्याला बारीक भोक होतं. मी तेल सोडलं. भोक तेलाचंच आसतंय की!"

मागाला प्रत्येक भोक तेलासाठीच असतं. नान्नाचं सगळं आयुष्य त्या भोकांत तेल सोडण्यात गेलं. करकर वाजलं की तेल, एवढंच त्याला ठाऊक. कोपऱ्यात राहिलेली तुमच्या खिडकीतली माती आणि त्याचं तेल, दोन्हींचा चिखल झाला होता.

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. तो पळत येत होता.

"नान्ना, मागं सरका!" मी किंचाळले. त्या झटक्यानं स्लाइड तांदळाएवढी पुढं सरकली. माझ्या तोंडातून आवाज निघाला, कसला ते सांगता येत नाही. पाय हलले की नळी हलते, म्हणून टाचा जमिनीत रोवल्या.

मॅडम डावीकडून आल्या. "श्वास घे. मी मॅगझिन काढते, तू फक्त धर." त्यांनी कळ दाबली. मॅगझिन निघेना, तिथंही माती. त्यांनी नखं घालून ओढलं. नख तुटलं, पण मॅगझिन आलं. "आता जोरात मागं ओढ." मी ओढलं. पुंगळी खाली पडली. आत बोट घालून पाहिलं, रिकामं होतं. तरी माझी मूठ उघडेना. मॅडमनी एकेक बोट सोडवलं.

चाचणीतून मी बाद. घरी येताना स्कूटर मी चालवत होते. मागं बसलेल्या नान्नाची थरथर माझ्या पाठीला लागत होती.

रेंजवरची खबर ठाण्यात पोचली आणि तुम्ही आलात. पिस्तूल 'तपासणीसाठी' नेलंत आणि मला बोलावून विचारलंत, "परवाना नसलेल्या कुणाचा हात लागला हत्याराला? नाव सांग. सांगितलंस तर त्याच्यावर केस. न्हाय सांगितलंस तर तुझा परवाना गेला." आणि उत्तरासाठी आठवडा दिलात.

तेव्हापासून बोळात मोटरसायकल थांबली की नान्ना मागावरून उठून आत जातो. तेलाचा डबा त्यानं पाण्याच्या टाकीमागं दडवलाय. माग कोरडे चालतात, दिवसभर किंचाळतात. अम्मा ओरडते, "आवो, तेल घाला की त्याला!" तो नुसता आपल्या हाताकडं बघतो.

मीही घाबरलेय. डोळा लागला की बोटांतून स्लाइड निसटते. तरी नाव लिहून देते. मल्लेशम, माझा बाप. मी अंघोळीला गेले तेव्हा त्याचा हात लागला. काय करायचं ते करा.

पण त्याच्या आधी पूर्ण उन्हाळा ते तुमच्या हातात होतं. बंद होणारी, कुलूप लागणारी पेटी मी तुमच्यासमोर ठेवली होती. ती परत का दिलीत? आणि आज माझं पिस्तूल पेटीत आहे, का त्याच खिडकीखाली पोत्यात? उत्तर द्या, साहेब. लेखी द्या.