पाहुणे, माणसं आणि मुकादम

आमच्या घरात 'पाहुणे' या शब्दाचा अर्थ बाकीच्या जगापेक्षा वेगळा आहे. आमच्याकडे पाहुणे दारातून येत नाहीत, भिंगरीच्या डोक्यातून येतात. भिंगरी म्हणजे आमची लेक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिला फिट येते. चार वर्षांची असताना तिने तिच्या बाबाला विचारलं होतं, "मला झोप लागते तेव्हा तुम्ही सगळे टेबलं का सरकवता आणि गाद्या का घालता?" तो म्हणाला, "पाहुणे येतात ना, म्हणून."

शब्द चिकटला तो चिकटलाच. पाहुणे आले, पाहुणे गेले, आज पाहुणे जरा जास्तच वेळ बसले. आता मेंदूच्या डॉक्टरसुद्धा गोळ्या लिहिता लिहिता विचारतात, "काय गं, पाहुण्यांचं काय म्हणणं?" आणि ही ऐटीत सांगते, "एकदाच आले. चहा न घेता गेले."

अडचण फक्त खऱ्या पाहुण्यांची. गेल्या वर्षी माझी नणंद न कळवता आली. दार उघडून नवऱ्याने आत हाक मारली, "अगं, पाहुणे आलेत." मी स्वयंपाकघरातून धावत आले, नणंदेच्या पायाशी गादी अंथरली, उशी ठेवली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. ती बिचारी गादीकडे बघत म्हणाली, "वहिनी, मला खुर्ची चालली असती."

त्यानंतर काही दिवसांनी मुकादम आला. मुकादम हा आमचा कुत्रा, रंगाने फिक्कट पिवळा, चेहऱ्याने कायम गंभीर. आल्या दिवसापासून तो प्रत्येकाच्या मागे उभा राहून कामावर नजर ठेवायचा. नवरा भांडी घासतोय, हा मागे. मी कपडे वाळत घालतेय, हा मागे. नाव त्याने स्वतःच कमावलं.

त्याला शिकवून तयार करणाऱ्या बाईंनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. फिट आली की हा तिच्याजवळ बसेल, भुंकून माणसं गोळा करेल, एवढं याला शिकवलंय. काही कुत्र्यांना फिट यायच्या आधीच कळायला लागतं, काहींना कधीच कळत नाही. खात्री कोणी देत नाही. आणि गोळी एकही चुकवायची नाही.

मुकादमला कळायला लागलं. तो येऊन भिंगरीच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायचा आणि काही केल्या उचलायचा नाही. थोड्या वेळाने पाहुणे हजर. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. निदान तिला बसायला, आडवं व्हायला वेळ मिळायला लागला. पडून कपाळाला खोक पडायची, ते थांबलं.

मग तो माझ्याही गुडघ्यावर हनुवटी ठेवायला लागला. भिंगरी झोके घेतेय, हनुवटी माझ्या गुडघ्यावर. ती जिना चढतेय, हनुवटी माझ्याच गुडघ्यावर. मी शिकवणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, याचं काहीतरी बिघडलंय. त्या तासभर नुसत्या बसून बघत राहिल्या.

"त्याचं काही बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही लेकीकडे बघता ना, तेव्हा श्वास रोखून धरता. त्याला वाटतं, पाहुणे तुमच्याकडे येणार."

भिंगरी हसून हसून कोचावरून घरंगळली. मी श्वास रोखला. मुकादम उठला आणि आला.

या सगळ्याचं मूळ शाळेतल्या बाकावर होतं. भिंगरीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात एक बाक आहे, त्यावर मी बसायचे. रोज. शाळा सुटेपर्यंत. मग दुपारची पाळी करायला चष्म्याच्या दुकानात जायचे. तिथे मी लोकांचे डोळे तपासते. मुकादम शाळेत जायला लागला तरी मी बाक सोडला नाही. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते.

"आई, तू कितवीत आहेस?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिसरीत आहे. तूही पहिलीपासून येतेयस. पास होतेयस की नाही?"

"मान हलवू नकोस."

"बाकीच्यांच्या आया सोडून जातात. तू सोडतेस आणि राहतेस." वेणी ओढली गेली तरी तिने मान वळवलीच. "मला वर्गात काय म्हणतात माहितीये? आईसकट. हजेरी झाली की कुणीतरी हळूच म्हणतं, हजर, आईसकट."

मला हसू आलं. तिला आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला दिसू नये म्हणून ती मुकादमच्या पट्ट्याशी खेळत होती. पाहुण्यांसाठी ती कधी रडल्याचं मला आठवत नाही. या एका शब्दासाठी रडत होती.

मग आमचा करार झाला. या महिनाभर मी दुकानात सकाळच्या पाळीला जायचं. बोलावल्याशिवाय वर्गाच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी टाकलं, तर ती आयुष्यभर आईसकट. नाही टाकलं, तर बाक कायमचा रिकामा. डॉक्टरांनी मान डोलावली. वर्गाच्या बाईंनी मुकादमला शिकवणाऱ्या बाईंना बोलावून सगळ्या वर्गाची तालीम घेतली, कोणी काय करायचं ते वाटून दिलं. बाबाने साक्षीदार म्हणून दोघींच्या हातावर टाळी दिली. हरकत घ्यायला एकटी मीच उरले होते आणि मला कुणी विचारत नव्हतं.

दोन आठवडे मी काढले. कसे काढले ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारा. एका बाईंना मी तीच ओळ इतक्या वेळा वाचायला लावली की त्या म्हणाल्या, आता डोळे मिटूनही वाचते.

त्या दिवशी समोर एक आजोबा होते. त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम होती, मी तिच्यात भिंगं बदलून घालत होते. "आता बरं दिसतंय का मघाशी बरं होतं?" एवढं विचारते तोच फोन वाजला. शाळेचे कारकून होते.

"ताई, पाहुणे आलेत. तुमच्या मुलीच्याच वर्गात आहेत, आणि मुकादमला—"

पुढचं मी ऐकलंच नाही. भिंग माझ्या हातातच होतं, ते घेऊनच मी पळाले. मागून आजोबा विचारत होते, "मघाचंच बरं होतं का?"

शाळा दुकानापासून लांब नाही, पण वाटेतल्या प्रत्येक माणसाने त्या दिवशी मुद्दाम आडवं यायचं ठरवलं होतं. व्हरांड्यात कारकून हात पसरून समोर आले. "अहो ताई, फोन का ठेवलात? मी एवढंच विचारत होतो की—" मी त्यांना वळसा घातला आणि वर्गाच्या दाराशी पोचले.

वर्गात पाहुणे होते. खरेखुरे. दुसऱ्या शाळेतून वर्ग बघायला आलेली चार मोठी माणसं छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. फळ्याजवळ भिंगरी उभी होती, मुकादम म्हणजे कोण ते त्यांना समजावून सांगत होती. कारकुनांना विचारायचं होतं ते इतकंच, की कुत्र्याचा फोटो काढला तर चालेल का.

दाराबाहेर चपला ठेवायची लाकडी फळी आहे, तिच्यावर मी मटकन बसले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मधल्या रांगेतून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "आईसकट."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं. मला तिथून दिसेनासं व्हायचं होतं. तेवढ्यात मुकादम उठला, पाहुण्यांच्या पायांमधून वाट काढत दाराबाहेर आला आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला.

वर्ग खिदळला. भिंगरीने एक सुस्कारा सोडला आणि पाहुण्यांना सांगितलं, "ही माझी आई. हिला पाहुण्यांची भीती वाटते."

पाहुण्यांमधले एक टाय लावलेले काका मोठ्याने हसले. "अहो ताई, आम्ही काय खाणार आहोत का तुम्हाला?"

मीही हसले. काय करणार. आणि हसता हसता माझा श्वास सुटला, तसा मुकादमने कान ताठ केले, मान वळवली आणि सरळ परत गेला. भिंगरी तोवर तिच्या खुर्चीवर बसली होती. त्याने तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली.

"अरे, आईचं झालं, पुरे आता," ती त्याला ढकलत म्हणाली. तो हलला नाही. पुन्हा ढकललं. हलला नाही. आदल्या रात्री हे भाषण पाठ करण्यात ती उशिरापर्यंत जागली होती, आणि झोप मोडली की काय होतं हे आम्हाला ठाऊक आहे.

"बाई," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पाहुणे येतायत."

टायवाले काका टाय नीट करायला लागले. "अजून कोण येणार आहे?"

त्यांना उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. मुलांनी बाक सरकवले, आवाजसुद्धा न करता. कोपऱ्यातून चटई आली, उशी आली. भिंगरी स्वतःच जाऊन आडवी झाली. चष्मा लावणारी एक मुलगी घड्याळाखाली जाऊन उभी राहिली. बाई भिंगरीजवळ खाली बसल्या, फोन हाताशी ठेवला, आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी एक तळवा वर केला. थांबा.

मी उभी होते. एक पाय उचललेला होता.

तिचे हात आखडले, डोळे वर गेले, आणि मग ते झटके, जे मी इतक्या वेळा पाहिलेत आणि एकदाही नीट पाहू शकलेले नाही. मुकादम तिच्या पाठीशी बसला होता. टायवाले काका पाण्याची बाटली घेऊन उठले, तर दोन शेंड्या घातलेली एक चिमुरडी त्यांच्या वाटेत उभी राहिली. "काका, तोंडात काही घालायचं नसतं. तुम्ही बसा. आम्हाला येतं हे." काका बसले. घड्याळाखालची मुलगी वेळ सांगत राहिली. मी दाराची चौकट धरली होती, आणि मुठीतलं भिंग तळव्यात रुतत होतं.

झटके थांबले. बाईंनी तिला कुशीवर वळवलं. तिचा श्वास घुरघुरत, मग सावकाश चालायला लागला. तेव्हा मुकादमने तिथूनच मान उचलून माझ्याकडे पाहिलं, तपासून घेतल्यासारखं. मी श्वास सोडला. तो आला नाही. त्याने मान खाली टाकली आणि तिला टेकून पडून राहिला.

मी पाय मागे घेतला आणि फळीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने भिंगरीचा जड आवाज आला.

"गेले?"

"गेले," बाई म्हणाल्या.

"आणि आई? आत आली?"

वर्गात चर्चा सुरू झाली. "पाय उचलला होता." "पण टेकवला नाही." "उचलला म्हणजे आलीच ना." शेवटी दोन शेंड्यांनी निकाल दिला. "उचललेला धरत नाहीत. टेकवला तरच आउट."

भिंगरीने डोळे न उघडता विचारलं, "मग मी आईसकट आहे का?"

मग मधल्या रांगेतून, मघाच्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, "नाही. आई बाहेर आहे."

ती माझ्या दिशेला वळली. "आई, तू जा आता. तुझं दुकान उघडं असेल."

गेले. रडत गेले, पण गेले. दुकानात आजोबा ती फ्रेम तशीच नाकावर ठेवून दाराशी उभे होते आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. "एका डोळ्याने सगळं स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले. "दुसऱ्याचं तुम्ही घेऊन गेलात."

त्या संध्याकाळी भिंगरीने घरात नवा नियम केला. पाहुणे म्हणजे तिचे पाहुणे. बाकी जे येतील ती माणसं, मग आत्या असो की शाळा बघायला आलेलं कुणी. कारकुनांनाही तिने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन समजावलं.

महिना संपला, बाक रिकामा राहिला. परवा दुकानात फोन वाजला. समोर एक बाई तक्त्यावरच्या ओळी वाचत होत्या.

"ताई, शाळेतून बोलतोय," कारकून म्हणाले, एकेक शब्द जपून ठेवत. "माणसं आलीत. नुसती माणसं. मुकादमचा फोटो काढू म्हणतात."

"काढू द्या," मी म्हटलं. "डाव्या बाजूने काढायला सांगा, तिथून तो जरा कमी रागीट दिसतो."

फोन ठेवला आणि सवयीने गुडघ्याकडे बघितलं. मग समोरच्या बाईंना म्हटलं, "हं, आता खालची ओळ वाचा."