ओढ्याकडची वाट

सभागृहातली पहिली रांग अजून रिकामी होती. मंचावर बसलेल्या मास्तरांची नजर फिरून फिरून त्या खुर्च्यांवरच जात होती.

मास्तर खरे तर मास्तर नव्हतेच. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पण तरुणपणी त्यांनी शाळेच्या पटांगणावर पोरं जमवून स्काउट पथक सुरू केलं, गळ्यात शिट्टी अडकवली, आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणू लागलं. ज्यांना त्यांनी गाठी मारायला शिकवलं त्यांची मुलंही आता पथकात होती. आज पथकाच्या कामगिरीचा सोहळा होता आणि मास्तरांचा निरोपही. आजपासून पथक त्यांची मुलगी सांभाळणार होती.

भिंतीवर फोटो लावले होते. पुराच्या वर्षी पथकाने चालवलेलं स्वयंपाकघर, लाकडाच्या वखारीला आग लागली तेव्हा बादल्या पुढे सरकवणारी मुलांची रांग, स्पर्धेत जिंकलेली ढाल उचलून धरणारे हात. पथकात वाढून मोठ्या डॉक्टर झालेल्या बाई प्रमुख पाहुण्या म्हणून बोलत होत्या. लोक मनापासून टाळ्या वाजवत होते. मास्तरांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

मुलगी मोठ्या मुलांना घेऊन डोंगरावर शिबिराला गेली होती. तिथून थेट सभागृहात यायचं, संचलन करत आत शिरायचं, असं ठरलं होतं. सकाळी तिचा फोन आला तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, आम्ही पुलावरून येतो. थोडा उशीर झाला तर चालेल ना?"

मास्तर दाढी करत होते. मन सोहळ्यात गुंतलेलं. "अजिबात चालणार नाही," ते म्हणाले होते. "सगळं गाव जमणार आहे. ओढ्याकडून उतरा. मी शंभरदा आलोय त्या वाटेने. उगाच लांबचा वळसा कशाला?"

"बरं," एवढंच ती म्हणाली होती.

दुपारनंतर डोंगर काळ्या ढगांत बुडाला. गावात टिपूस नव्हता, पण वर कोसळत असणार हे मास्तरांना दुकानाच्या दारातूनच कळलं होतं. तेव्हापासून ते मुलीला फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता.

मंचाच्या पायऱ्यांशी त्यांची बायको उभी होती. तिने खुणेनेच विचारलं. त्यांनी मान हलवली. ती वर आली आणि वाकून हळूच म्हणाली, "अहो, पुलावरूनच येत असतील. म्हणून उशीर."

सकाळच्या त्या फोनबद्दल मास्तरांनी तिला सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून नर्सबाई उठल्या. त्यांचा मुलगा यंदा पहिल्यांदाच मोठ्यांच्या शिबिराला गेला होता. भाषण चालू असतानाच त्या मंचाजवळ आल्या.

"मास्तर, मुलं कुठे आहेत?"

"येतीलच एवढ्यात."

"हे तुम्ही मघाशीही म्हणालात. कोणत्या वाटेने येतायत?"

थाप मारणं सोपं होतं. पूल म्हटलं की झालं. बाई जागेवर जाऊन बसल्या असत्या, भाषण पुढे चाललं असतं, आणि कदाचित मुलंही खरंच दारात येऊन उभी राहिली असती. पण सकाळचं स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानात वाजत होतं. मुलगी लहानपणापासून त्यांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. घरात नाही, पथकात तर नाहीच. आणि नेमकं त्याचंच आज त्यांना भय वाटत होतं.

ते उठले. डॉक्टरबाई बोलता बोलता थांबल्या. मास्तरांनी त्यांच्या हातातला माईक घेतला.

"माफ करा," ते म्हणाले. "मुलं अजून आलेली नाहीत. वर मोठा पाऊस झालाय. मी त्यांना ओढ्याकडून यायला सांगितलं होतं. इथे वेळेवर पोचावीत म्हणून. मी बघायला निघालोय."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर त्यांना झेलवेना. मागच्या रांगेतून एक दणकट माणूस उठला. अग्निशमन दलाची गाडी चालवणारा, म्हणून गावात त्याला बंबवाला म्हणत. बादल्यांच्या त्या फोटोत तोही होता.

"माझी जीप बाहेरच आहे, मास्तर. दोर आहे, टॉर्च आहे. चला."

"मीपण येणार," नर्सबाई म्हणाल्या. त्यांना नको म्हणायची कोणाची छाती नव्हती.

जीप ओढ्याच्या रस्त्याला लागली. बंबवाल्याने विचारलं, "ताई पोहते ना?" मास्तर "हो" म्हणाले आणि लगेच त्यांच्या मनात आलं, ती पोहेल, पण एकटी पोहून काठाला लागणाऱ्यातली नाही ती. पोरांना सोडून ती यायची नाही.

ओढ्याचा आवाज वळणाच्या अलीकडूनच कानावर आला. एरवी मुलं बूट हातात घेऊन, खिदळत जिथून ओलांडायची, ती उताराची जागा ओळखूही येत नव्हती. गढूळ पाणी मोठमोठे ओंडके लोळवत निघालं होतं. मास्तर काठापर्यंत धावले. बंबवाल्याने त्यांचा दंड घट्ट धरला.

"पुढे नको."

"ते काय आहे?" नर्सबाईंनी बोट दाखवलं. पाण्यात वाकलेल्या एका फांदीला हिरवी टोपी अडकली होती. पथकाची टोपी. कोणाची, ते इथून कळणं शक्य नव्हतं. सगळ्यांच्या टोप्या सारख्याच. मास्तरांनीच तसा नियम केला होता.

नर्सबाई मटकन खाली बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दुसऱ्यांच्या वाईट बातम्या ऐकायची सवय असलेली ती बाई नुसती पाण्याकडे बघत राहिली. मास्तरांना वाटलं, यांनी आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जोरात शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा, श्वास पुरेल तितक्या वेळा. पाण्याच्या गर्जनेपुढे तिचा काय पाड लागणार?

बंबवाला टॉर्च पलीकडच्या काठावर फिरवत होता. संध्याकाळ होत आली होती आणि झाडांखाली अंधारू लागलं होतं. "मास्तर," तो म्हणाला, "त्या मोठ्या दगडावर काहीतरी आहे. फांद्या ठेवल्यासारखं दिसतंय."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. डोळ्यांतच पाणी होतं, त्याला काच काय करणार! "मला दिसत नाहीये रे. तू सांग. कशा ठेवल्यात? नीट बघून सांग."

"एकावर एक, आडव्या-तिडव्या. फुलीसारख्या. आणि शेजारी दगड मांडलेत. बाण आहे, मास्तर. वरच्या अंगाला वळवलाय."

पथकात आलेल्या नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात ही खूण शिकवतात. फुली म्हणजे या वाटेने जाऊ नका. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून ती ठेवून पुढे जायचं असतं.

"उतरली नाहीत," ते नर्सबाईंना म्हणाले. "पाण्यात उतरलीच नाहीत ती. पुलाकडे गेलीत."

"नक्की?"

"बाण पुलाकडचा आहे."

"मला मुलगा दिसेल तेव्हा खरं," नर्सबाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसल्या.

पूल ओलांडून थोडं पुढे गेल्यावर दिव्यांच्या उजेडात ती दिसली. एकामागे एक, रस्त्याच्या कडेने, चिखलात माखलेली. पुढे एक मोठा मुलगा, मागे मुलगी, सगळ्यात लहान पोराची पिशवीही तिनेच पाठीवर घेतलेली. त्या पोराच्या डोक्यावर टोपी नव्हती. नर्सबाईंनी चालत्या गाडीतूनच उडी टाकली.

"वाऱ्याने उडाली गं आई," तो भेदरून म्हणाला. टोपीसाठीच आई एवढी घाबरली असं त्याला वाटलं.

मास्तर मुलीसमोर जाऊन उभे राहिले. तीच आधी बोलली.

"बाबा, मी तुमचं ऐकलं नाही."

"बघितलं मी. फुली बघितली."

"बराच वेळ उभी होते तिथे. सगळं गाव वाट बघतंय, तुमचा शेवटचा दिवस, सगळं डोक्यात येत होतं. दोर बांधून न्यावं असंही वाटलं एकदा." तिने त्या लहान पोराकडे बोट केलं. "मग याच्याकडे बघितलं. त्याला पाणी छातीपर्यंत आलं असतं. मी म्हटलं, बाबा रागावले तर रागावोत."

मास्तरांनी तिच्या पाठीवरची पिशवी उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. "मी चुकलो," ते म्हणाले. मुलीशी असं ते पहिल्यांदाच बोलत होते. तिने फक्त मान डोलावली.

बंबवाल्याने मुलांना दाटीवाटीने जीपमध्ये कोंबलं. सभागृहातून एकही माणूस घरी गेला नव्हता. संचलन वगैरे काही झालं नाही. मुलं चिखलाच्या बुटांनीच आत आली, पहिल्या रांगेत बसली, आणि आयांनी त्यांना टॉवेलांत गुंडाळलं. डॉक्टरबाईंनी भाषण पुढे न नेता मास्तरांना माईक दिला.

"आज पथकाच्या कामगिरीबद्दल बरंच बोलणं झालं," मास्तर म्हणाले. "एक राहिली. आज यांनी माझं ऐकलं नाही, म्हणून सगळी इथे आहेत." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून मुलीच्या हातात ठेवली. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि मग बराच वेळ थांबल्या नाहीत.

नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. निघताना त्या मास्तरांजवळ थांबल्या. "मुलाला मी पथकातून काढणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पाठवीन ते तुमच्या मुलीच्या भरवशावर. तुमच्या नाही."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. लागलं त्यांना. पण बाईंचं काही चुकलं नव्हतं.

घरी बायकोने गरम पाणी काढून दिलं, वाढलं, पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण आटोपून मुलगी उठली.

"उद्या तंबू वाळत घालायचेत, सगळे भिजलेत. सकाळी पटांगणावर या."

"विचारतेस की सांगतेस?"

"सांगतेय."

"येतो," मास्तर म्हणाले, आणि बायकोच्या ओठांवर पहिल्यांदा किंचित हसू आलं.