हाराशिवाय उत्तररंग

या, अशा पेटीच्या बाजूला सरकून बसा. एक गोष्ट सांगते, पण मध्येच उठायचं नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये एक नियम लिहिला की एक बाक नाहीसा होतो आणि हॉल तेवढा आखूड होतो. त्याआधी तो लांब होत होता.

माझा थोरला भाऊ नथानिएल तिथं कीर्तन करायचा. सगळं गाव त्याला दादा म्हणे. त्या दिवशी त्यानं प्रभूनं हाक मारून कबरीतून उठवलेल्या भावाचं आख्यान लावलं होतं. पूर्वरंग संपला. आमच्याकडे तेव्हा कीर्तनकाराच्या गळ्यात हार घालतात, मगच तो उत्तररंगात कथा सांगतो. हार मी ओवला होता. दारात आल्यावर तो मला तोकडा वाटला, म्हणून आणखी चार शेवंतीची फुलं आणायला परत गेले. दादा मंचावरून हसत म्हणाला, "प्रिस्का येऊ दे, मग कबरीवरची धोंड सारू."

मी आले तेव्हा त्याचा श्वास थांबला होता.

त्याला आम्ही रीतसर माती दिली. तरी तो मंचावर उभाच राहिला, हातात चिपळ्या धरून. सहा वर्षं मी रोज ताजा हार घेऊन दारातून निघायचे. मी चालायचे तेवढा हॉल लांबायचा. दमले की परत फिरायचे. दार मात्र लगेच यायचं.

मग एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आले. दारातूनच म्हणाले, "स्टेजवरचे पाहुणे तोवर जातील ना?"

म्हणून हॉल भाड्यानं देण्याचे नियम करायला बैठक बसली. पाळकसाहेब, पंच बन्यामिन गुरुजी, महिला मंडळाच्या रिबेकाबाई, आणि चिटणीस म्हणून मी. दुपारी तीनला दाराशी टेबल मांडलं. फलकावर चिकटवायचा कागद एकच होता. माझा हार टेबलावर, ओल्या फडक्यात.

"तंबाखू आणि मद्य चालणार नाही," पाळकसाहेबांनी सांगितलं. मी लिहिलं. समोरचा बाक गेला. मागची भिंत पुढे येऊन माझ्या खुर्चीला लागली.

"खोडून बघ," गुरुजी म्हणाले.

खोडलं. बाक परत आला, भिंत मागे गेली.

"मग राहू दे लिहिलेलं," गुरुजी म्हणाले. "दादा जवळ येतोय, हार तरी घालशील. संपवू दे बिचाऱ्याला कीर्तन."

मी पुन्हा लिहिलं. मग मला थांबवेना. खुर्च्या ओढू नयेत, उचलाव्यात. भिंतीला खिळे ठोकू नयेत. पेटीवर पाण्याचे पेले ठेवू नयेत. भक्तीच्या वेळी वाजंत्री बंद ठेवावी. चपला उंबऱ्याबाहेर.

"अगं बाई, हॉल भाड्यानं द्यायचाय की बोर्डिंग काढायचंय?" गुरुजी म्हणाले.

"लिहू द्या तिला," रिबेकाबाई म्हणाल्या. "तिचं बघवत नाही."

दादाच्या अंगरख्याची बटणं दिसू लागली. मग कपाळावरचा घाम. तो सहा वर्षांत वाळला नव्हता. भिंत आम्हाला ढकलत राहिली. जागा पुरेना तेव्हा पाळकसाहेब खिडकीतून बाहेर गेले, मग गुरुजी, मग रिबेकाबाई, पदर सावरत. तिघं बाहेर उभे राहून गजांतून नियम सांगू लागले. गज आधी नव्हते.

शेवटी मधे एकच बाक उरला आणि कागदावर एकाच ओळीची जागा.

"आणखी एक सांगा," मी म्हणाले.

"माझे संपले," पाळकसाहेब म्हणाले.

"फुलांचं राहिलंच की," रिबेकाबाई म्हणाल्या. "पाकळ्या चिरडून फरशीला डाग पडतात. मागच्या बारशाला दोन दिवस घासत होते मी. लिही, हॉलमध्ये फुलं, हार आणू नयेत."

"दुसरा सांगा, रिबेकाबाई."

"दुसरा सुचत नाही गं."

हार मी हातात घेतला होता. चार फुलं जास्तीची, तशीच. बाकापलीकडे दादानं चिपळ्या किंचित वर केल्या. मला वाटलं, लिहिता लिहिता घालून टाकीन. त्या दिवशीही मला असंच वाटलं होतं, जाईन आणि लगेच येईन.

मी लिहिलं.

बाक गेला. भिंत पाठीला टेकली. दादा हातभर अंतरावर आला आणि त्यानं हारासाठी मान वाकवली. शेवंती एकेक करून गजांतून बाहेर गेली, रांगेनं, घाई न करता. रिबेकाबाईंनी ती पदरात झेलली.

ओळ खोडली तर फुलं येतील, आणि मधे बाकही येईल.

तेव्हा एवढं करा. उपासनेला बसाल तेव्हा माझ्या नथानिएलची आठवण काढा. त्याची मान अजून खाली आहे, आणि मी दोन्ही हातांनी दोरा धरून उभी आहे.